आजीचा ‘पगार’ कुणी थांबवला?

निफाड-सिन्नरकडच्या गावांत आणि नाशिक शहरातल्या सिडको-पंचवटीच्या वस्त्यांतही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी एक शब्द हमखास ऐकू येतो : पगार. ‘संजय गांधीचा पगार’, ‘श्रावणबाळचा पगार’. सरकारी कागदावर त्याला अनुदान म्हणतात, अर्थसहाय्य म्हणतात. पण उभा जन्म दुसऱ्याच्या वावरात निंदणी-खुरपणी केलेली बाई महिन्याच्या दीड हजार रुपयांना पगार म्हणते, तेव्हा त्यात तिचा हिशेब असतो. कष्ट करून झाले, आता त्याचे मिळते आहे. म्हणून पैसे यायचे बंद झाले की ‘मदत थांबली’ असे ती म्हणत नाही. ‘माझा पगार कुणी थांबवला?’ असे विचारते.

या ‘कुणी’चे उत्तर तिला कुठेच मिळत नाही. बँकेत पासबुकावर एन्ट्री मारून देणारा सांगतो, ‘आजी, वरूनच आले नाहीत.’ तहसील कचेरीतल्या संजय गांधी शाखेत सांगतात, ‘आमच्याकडून यादी गेली, बँकेत विचारा.’ सेतू केंद्रातला मुलगा स्क्रीनकडे बघून म्हणतो, ‘आधारचा प्रॉब्लेम दिसतोय.’ तिघांपैकी कुणी खोटे बोलत नसतो. पण या तीन खिडक्यांच्या मधली जागा कुणाच्याच ताब्यात नाही आणि पगार नेमका तिथेच अडकतो.

हा पगार केवढा, तेही पाहायला हवे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना ६५ वर्षांवरच्या गरीब वृद्धांसाठी. केंद्राची वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजना १९९५ ची. २००७ पासून तिला इंदिरा गांधींचे नाव आहे. त्यात केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्या माणसासाठी महिना २०० रुपये. दीड दशकाहून अधिक काळ तो तिथून हललेला नाही. राज्याने मात्र आपली रक्कम वाढवली. ६०० चे १००० केले आणि २०२३ मध्ये १५०० केले.

आता पात्रतेची अट. निराधार आणि श्रावणबाळ योजनांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये. म्हणजे अख्ख्या घराने दिवसाला ५८ रुपयांच्या आत जगायचे. याउलट २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाख आहे, वयाची अट २१ ते ६५. वर्षाला लाखभर उत्पन्न असलेल्या घरातली बाई चौसष्टाव्या वर्षी सरकारच्या दृष्टीने गरजू असते. पासष्टी ओलांडली की तोच दीड हजार तिला श्रावणबाळमधून मागावा लागतो आणि तिथे ती ‘सधन’ ठरते. यात तांत्रिक चूक कसलीच नाही. हा नियमानेच बंद केलेला पगार आहे.

नियमाने बंद झालेले बाजूला ठेवले तरी उरतात ते चुकीने बंद झालेले, आणि या लेखाचा विषय तेच आहेत.

डिसेंबर २०२४ पासून राज्याने या योजनांचे पैसे थेट लाभार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यावर टाकायला सुरुवात केली. त्याआधी निधी तालुक्याला यायचा, तहसीलदारांकडून बिल निघायचे, बँकांकडे याद्या जायच्या. त्या रस्त्याला लागणारा वेळ, मधले हात आणि दोन-दोन तीन-तीन महिन्यांची खोळंबलेली रक्कम ज्यांनी पाहिली आहे, ते जुन्या पद्धतीचे गोडवे गाणार नाहीत. थेट हस्तांतर ही चांगलीच गोष्ट आहे. पण जुन्या रस्त्यावर निदान अडवणारा माणूस दिसायचा. त्याच्याशी भांडता यायचे, त्याला गावच्या पुढाऱ्याकडून फोन जायचा. नव्या रस्त्यावर अडवणारा दिसतच नाही.

मग नेमके अडते कुठे? सर्वांत जास्त घोळ आहे तो ‘आधार लिंक’ या शब्दात. आजी शपथेवर सांगते की आधार बँकेत दिले आहे. खरेच दिलेले असते. पण केवायसीसाठी आधारची झेरॉक्स देणे वेगळे आणि सरकारी पैसे कोणत्या बँकेत जमा करायचे याची नोंद होणे वेगळे. ही दुसरी नोंद एनपीसीआय या संस्थेच्या मॅपरमध्ये असते आणि एका आधारला एकच बँक जोडलेली असते. आजीने मध्यंतरी दुसरीकडे खाते उघडले, कुणी शिबिरात आधार आणि अंगठा घेऊन पोस्ट पेमेंट बँकेचे खाते काढून दिले आणि तिथे संमतीच्या फॉर्मवर खूण झाली, की जोडणी गुपचूप तिकडे सरकते. आजी मात्र दर महिन्याला जुनेच पासबुक घेऊन जुन्याच खिडकीत उभी राहते. अशा वेळी पगार थांबलेला नसतोच. तो दुसऱ्या खात्यात महिनोन्‌महिने साठत असतो, आणि ते खाते आपले आहे हे तिलाच ठाऊक नसते.

दुसरी अडचण अंगठ्याची. गावातल्या बँक मित्राकडे छोटे काळे यंत्र असते. त्याच्या काचेवर बोट टेकवायचे. आजी बोट टेकवते, लाल दिवा लागतो. ती पदराला बोट पुसते, पुन्हा टेकवते. पुन्हा लाल. मग तर्जनी, मग मधले बोट, मग दुसरा हात. रांगेतले लोक सल्ले देतात : तेल लावा, ओल्या फडक्याने पुसा, जोरात दाबा. चाळीस-पन्नास वर्षे कांदा काढला, द्राक्षाची छाटणी केली, गवंड्याच्या हाताखाली विटा उचलल्या, त्या हातावरच्या रेषा झिजलेल्या असतात. ज्या कष्टांमुळे ती या पगाराला पात्र ठरली, त्याच कष्टांमुळे यंत्र तिला ओळखत नाही. आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितले आहे की बोटांचे ठसे जुळले नाहीत म्हणून कुणाचा हक्काचा लाभ नाकारता येणार नाही, पर्यायी व्यवस्था ठेवावीच लागेल. हे परिपत्रक त्या काळ्या यंत्रापर्यंत काही पोहोचलेले नाही.

तिसरी अडचण नावाची. आधारवर सुमनबाई, बँकेत सुमन, रेशनकार्डावर आणखी काही. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या पिढीच्या आधारकार्डांवर सर्रास १ जानेवारी पडलेली. एका कागदावर वय ७१, दुसऱ्यावर ६३. माणसाला हे दोन मिनिटांत उमगते; संगणकाला ही दोन वेगळी माणसे वाटतात. त्यात भर म्हणजे वर्षानुवर्षे व्यवहार न झालेली, केवायसी जुनी झाली म्हणून गोठलेली खाती. वास्तविक रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात बँकांना बजावले आहे की सरकारी लाभासाठी उघडलेली शून्य शिलकीची खाती वेगळी ठेवा, व्यवहार नाही म्हणून त्यांत येणारे पैसे अडू देऊ नका. निष्क्रिय खाते पुन्हा सुरू करायला पैसे घेता येत नाहीत, हेही त्यातच आहे. शाखेत जाऊन हा नियम बोट ठेवून दाखवणारे कुणी नसेल, तर तो असून नसल्यासारखा.

आणि चौथी अडचण मरणाची. हयातीचा दाखला वेळेत पोहोचला नाही किंवा पडताळणीच्या दिवशी माणूस घरी नव्हता, की यादीतले नाव संशयात जाते. पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबे पावसाळा संपला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला उतरतात. म्हातारी माणसे कधी त्यांच्याबरोबर जातात, कधी मागे राहतात. पडताळणी करणारा आला तेव्हा दाराला कुलूप. कुलपाचा अर्थ स्थलांतर आहे की मृत्यू, हे कागदावर कसे कळणार?

जिवंत माणूस कागदावर मरतो तेव्हा काय होते, याची उदाहरणे देशाला नवी नाहीत. उत्तर प्रदेशात आझमगडच्या लाल बिहारींना नातलगांनी जमिनीसाठी महसुली दप्तरात मृत दाखवले. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्यांना १९९४ उजाडले. तोवर त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावून घेतले होते आणि आपल्यासारख्यांची संघटनाही काढली होती. हरियाणात रोहतकजवळच्या गांध्रा गावचे १०२ वर्षांचे दुलीचंद यांचे वृद्धापकाळ पेन्शन मार्च २०२२ मध्ये बंद झाले. कागदोपत्री ते वारले होते. सप्टेंबरमध्ये गळ्यात नोटांची माळ घालून, रथात बसून, बँडबाजा लावून त्यांनी स्वतःची वरात काढली. हातातल्या फलकावर लिहिले होते, तुमचा फुफा अजून जिवंत आहे. देशभर हसू पिकले, पेन्शनही सुरू झाले. मात्र सुरगाण्याच्या पाड्यावरच्या आजीला रथ कुठून आणि बँड कुठला?

इथे कुणी म्हणेल की पडताळणी नकोच का? तर हवी. मेलेल्यांच्या नावावर पैसे उचलले जातात, अपात्र माणसे यादीत घुसतात. लाडकी बहीण योजनेत पुरुषांनीही लाभ घेतल्याचे २०२५ मध्ये उघड झाले, ते साऱ्यांनी वाचले आहे. तिजोरी जपणे हे सरकारचे कामच आहे. प्रश्न क्रमाचा आहे. आधी पैसे बंद करायचे आणि मग म्हातारीने हेलपाटे घालून स्वतःला निर्दोष ठरवायचे, की आधी विचारायचे आणि मग बंद करायचे?

सरकार स्वतःच्या माणसांना कोणता न्याय लावते, ते पाहण्यासारखे आहे. लाच घेताना पकडलेला कर्मचारी निलंबित होतो तेव्हा त्याच्या हातात लेखी आदेश पडतो. आदेशावर तारीख असते, सही असते. चौकशी चालू असेपर्यंत त्याला निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण निम्म्या पगाराइतका. हे योग्यच आहे. आरोप सिद्ध होईपर्यंत कुणाला उपाशी ठेवायचे नसते. आणि जिच्यावर कसलाही आरोप नाही, त्या आजीला? ना आदेश, ना तारीख, ना सही. भत्ता तर सोडाच.

नोकरीच्या पेन्शनचेही तसेच आहे. नाशिकरोडच्या प्रेसमधून किंवा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्यांच्या मागे भक्कम कायदा उभा आहे. डी. एस. नाकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची खिरापत नाही, केलेल्या सेवेचा हक्क आहे. हा दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून साजरा होतो. २०१८ च्या आधार निकालातही न्यायालयाने सरकारी नोकराचे पेन्शन कमावलेला हक्क मानून आधारसक्तीच्या कलमाबाहेर ठेवले. सरकारी पेन्शन वाटणाऱ्या बँकेने उशीर केला तर वर्षाला ८ टक्के दराने भरपाई तिने आपणहून द्यायची, पेन्शनरने मागायचीही गरज नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०१४ पासून जीवन प्रमाण आहे, २०२१ पासून चेहरा दाखवूनही ते काम होते, आणि पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन दाखला काढून देतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या ईपीएस-९५ वाल्यांचे पेन्शन तुटपुंजे आहे, किमान १००० रुपये, तेही २०१४ पासून तेवढेच. पण त्यांचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो आणि मोर्चे काढायला त्यांच्या संघटना आहेत.

आजीच्या पगाराला व्याज नाही. पगार सहा महिन्यांनी सुरू झालाच, तर मधल्या सहा महिन्यांचे काय, हा प्रश्न विचारायचेही तिला सुचत नाही. सुरू झाला याचाच आनंद मोठा असतो.

ज्या घरात शिकलेला नातू, भाची, जावई आहे, तिथे चित्र बदलते. पण अनेकदा शिकलेली माणसेही चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. पहिल्याच दिवशी तहसीलमध्ये जाऊन आवाज चढवतात किंवा नगरसेवकाला फोन लावतात. त्याआधी पासबुक भरून आणावे आणि शेवटची जमा कोणत्या महिन्याची, ते पाहावे. एका तारखेवरून निम्मे निदान होते. डिसेंबर २०२४ च्या सुमारास पैसे थांबले असतील तर संशय आधार जोडणीवर. हयातीच्या दाखल्याच्या मुदतीनंतर थांबले असतील तर दाखल्यावर. मग आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहावे. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो आणि कोणती बँक जोडलेली आहे, ते पडद्यावर दिसते. आजीच्या आधारला जोडलेला नंबर मुंबईला गेलेल्या मुलाचा जुना नंबर असतो, हा नेहमीचा अनुभव. म्हणजे आधी आधार केंद्रात नंबर बदलावा लागतो. बँक भलतीच निघाली तर त्या खात्यात पैसे आहेत का ते बघावे आणि हव्या त्या बँकेत संमतीचा फॉर्म भरून जोडणी वळवून घ्यावी.

जोडणी ठीक असेल तरच तहसील गाठावे आणि तिथे तोंडी काही विचारू नये. साध्या कागदावर अर्ज लिहावा : अमुक योजनेचे अनुदान अमुक महिन्यापासून जमा नाही, बंद करण्याचे कारण लेखी कळवावे, मधली थकीत रक्कम मिळावी. सोबत आधार, पासबुक आणि मंजुरीचे पत्र असेल तर त्याची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यावा. ही पोच हाच खरा दस्तऐवज. महिनाभर उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही मोफत. ‘माझ्या आजीचे पैसे द्या’ असे त्यात लिहून उपयोग नाही. ‘अमुक लाभार्थ्याचे अनुदान थांबवण्याच्या आदेशाची प्रत द्यावी’ असे लिहावे. बहुतेक वेळा असा आदेशच निघालेला नसतो आणि हे लेखी सांगण्यापेक्षा पगार सुरू करणे कार्यालयाला सोपे वाटते. त्यापुढे जिल्हाधिकारी कार्यालयातला पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे. त्यासाठी विहित नमुन्यात आधी अर्ज द्यावा लागतो. घरात कुणीच धावणारे नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

एक पथ्य मात्र पाळायला हवे. धावपळ नातवाने करावी, पण एटीएम कार्ड आणि पासबुक आजीच्या ट्रंकेतच राहावे. पगार सुरू करून देणाऱ्यानेच तो परस्पर काढून घेतल्याच्या गोष्टीही गावोगाव सांगितल्या जातात.

तरीही हे सगळे ज्याचे त्याने धावण्यावर सोडणे बरोबर नाही. ब्रिटनमध्ये हजारो वृद्धांना, त्यातही बहुतेक बायकांना, वर्षानुवर्षे सरकारी पेन्शन कमी दिले गेल्याचे उघड झाले. २०२१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने अंदाज मांडला : सुमारे १ लाख ३४ हजार लोक आणि १०० कोटी पौंडांहून अधिक रक्कम. वृद्धांनी कचेरीत रांगा लावाव्यात, असे तिथे कुणी म्हणाले नाही. खात्याने स्वतःची जुनी दप्तरे उपसून अशी माणसे शोधायला आणि फरक द्यायला घेतला. ते काम रेंगाळले, त्यावर टीकाही झाली. पण चूक दप्तराची, तर शोधही दप्तरानेच घ्यायचा, हे तत्त्व तिथे वादाचा विषय नव्हते.

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. प्रत्येक तहसीलमध्ये संजय गांधी शाखा आहे, आणि कुणाचे पैसे कोणत्या कारणाने परत आले, ही नोंद संगणकात असतेच. त्या नोंदीची गावनिहाय यादी काढून दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या आणि शहरात प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लावायला नवा शासन निर्णय लागत नाही. नाव, कोणत्या महिन्यापासून बंद, कारण, आणि दुरुस्तीसाठी कुठे जायचे, एवढे चार रकाने पुरेत. आशाताई, तलाठी, पोस्टमन रोज त्या फळ्यावरून जातात. गावात कोण हयात आहे हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसते. यादी मराठीत असावी, आणि कारणाच्या रकान्यात ‘तांत्रिक अडचण’ हे दोन शब्द चालणार नाहीत, एवढी अट तेवढी आधीच घालून ठेवावी.